पट्टीमामा दुखणं शिकतात

फाटकावरच्या पाटीवर 'कुष्ठरोग आरोग्यधाम' असं ऐसपैस नाव होतं, पण गावातली माणसं त्या जागेला नुसतं 'तिकडे' म्हणत. तिकडे आपण होऊन कुणी जात नसे, आणि ज्याला जावं लागे तो बरा झाला तरी परत येत नसे. पट्टीमामांना मिसरूड फुटायच्या आधीच थोरल्या भावानं फाटकाशी आणून सोडलं. 'आलोच,' म्हणून गेलेला तो भाऊ अजून यायचाय. मामा औषधांनी ठणठणीत बरे झाले. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली आणि डावं पाऊल बधिर. पण घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, तेव्हा ते तिथल्याच ड्रेसिंगच्या खोलीत कामाला लागले, तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं, आणि दुसऱ्यांच्या पायांच्या पट्ट्या सोडता-बांधता त्यांचे केस पिकले.

पुढे पुढे रोगीच येईनासे झाले. लोक घरी राहून गोळ्या घेत आणि चारचौघांसारखे बरे होत. खाटा रिकाम्या पडल्या. मग वरच्या मंडळींना उशिरा का होईना शहाणपण सुचलं, की इथं सगळ्यांसाठी दवाखाना काढावा. भिंतींना रंग लागला, फाटकाची साखळी निघाली, पाटी बदलली. जाणार कुठं अशी जी म्हातारी मंडळी उरली होती, त्यांना मागच्या मोठ्या खोलीत हलवलं. नव्या मोठ्या सिस्टर आल्या. बाई कडक, पण मनानं सरळ. मामांचं काम बघून त्या म्हणाल्या, "हात स्वच्छ आहे तुमचा. ड्रेसिंगची खोली तुम्हीच सांभाळा." मामा हवेत तरंगत घरी गेले.

आणि पहिल्याच दिवशी माशी शिंकली.

शिडीवरून पडलेला एक रंगारी कोपर सोलून आला होता. पट्टी जखमेला चिकटून वाळली होती. मामांनी जन्मभर केलं तेच केलं. टोक धरलं आणि एका झटक्यात ओढलं. रंगारी असा ओरडला की औषधांच्या खिडकीशी उभी असलेली माणसं धावत आली. मामांना वाटलं, मागं साप निघाला. ते वळून बघायला लागले.

"अहो, माणूस आहे मी!" रंगारी कळवळून म्हणाला. "जुनी भिंत खरवडताय का?"

आता यात मामांची चूक म्हणावी तर आहे, आणि नाही म्हणावी तर नाही. त्या खोलीत आजवर जे पाय आले, ते रोगानं बधिर झालेले; त्यांना विस्तव कळत नव्हता, खिळा कळत नव्हता, तर पट्टी काय कळणार? जखम बघायची, धुवायची, बांधायची. दुखतंय का, हे विचारायचं असतं हे मामांना कुणी शिकवलंच नव्हतं.

सिस्टरनं त्यांना बाजूला घेतलं. "मामा, आठवडाभर मागच्या खोलीतल्यांचीच ड्रेसिंग करा. मग मी स्वतः उभी राहून बघेन. पुन्हा कुणी असं ओरडलं, तर मात्र तुम्हाला चादरींच्या कोठीत बसवावं लागेल. माझाही इलाज नाही."

चादरींची कोठी म्हणजे घड्या घालायच्या आणि उघड्या दारातून माणसं जाताना बघायची. मामांना एकदा टाकून दिलं होतं माणसांनी. दुसऱ्यांदा ते सोसायची ताकद त्यांच्यात नव्हती.

घरी मामीनं सगळं ऐकून घेतलं. "दुखतं हे काय सांगावं लागतं?" ती म्हणाली.

"आपल्याकडं कधी कोण ओरडलंय?"

मामीनं आपला हात वळवून पाहिला. तिच्या तळहातावर कालच चहाच्या पातेल्याचा चटका उमटला होता, आणि तो तिलाही मामांनीच दाखवला होता.

शेवटी मामांनी स्वतःच्याच छातीवर चिकटपट्टी दाबून बसवली. तिथं मात्र सगळं कळत होतं आणि केसही भरपूर होते. एका झटक्यात ओढली, आणि ज्या काही शिव्या त्यांच्या तोंडून बाहेर पडल्या त्या मामीनं संसारात कधी ऐकली नव्हती. ती हसून हसून भिंतीला टेकली. "घे! आता कळलं?" मग दोघांनी मिळून तालीम सुरू केली. आधी पाणी सोडायचं. भिजू द्यायचं. कातडी एका हातानं दाबायची, पट्टी दुसऱ्यानं उचलायची. मध्ये थांबायचं. छातीचं पार शेत कापल्यासारखं झालं, पण हात शिकला.

तोंडाला वळण लावायचं काम मागच्या खोलीत झालं. तिथं एक आजी होत्या. सगळ्यांवर हुकूम सोडायच्या, म्हणून त्यांना फौजदार आजी म्हणत. त्यांच्या पायाची पट्टी सोडताना मामांनी विचारलं, "दुखतंय का?"

"डोकं फिरलं का तुझं? खाटेच्या खुराला विचार एकवार."

खोली हसली. मामा खजील झाले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. आजी रोज फटकारायच्या. एक दिवस मामा घाईत विसरले, तर त्यांनी पाय मागं ओढला. "आज विचारलं नाहीस ते?"

परीक्षेच्या दिवशी सिस्टरनं नवा नियम काढला. पुढचे-मागचे वेगळे नाहीत, सगळे व्हरांड्यातल्या एकाच बाकावर. पहिली आली इस्त्रीनं हात भाजलेली शिंपीण. तिची नजर मामांच्या वाकड्या बोटांवर गेली आणि मामांची पाचावर धारण बसली.

"ताई, दुखलं की सांगा. मी थांबेन."

ती सांगत गेली, ते थांबत गेले. पट्टी निघाली. ती हात फुंकत बाकावर टेकली.

मग ढकलखुर्चीतून फौजदार आजी आल्या. केस चापूनचोपून विंचरलेले, कपडे ठेवणीतले. त्या बाकाजवळ येताच टोकाचा एक माणूस हळूच दूर सरकून बसला. आजींनी ते पाहिलं. मामांनीही पाहिलं.

मामांनी पाणी सोडलं, पट्टीचं टोक उचललं. "दुखतंय का, आजी?"

"आई गं! दुखतंय! हळू काढ की मेल्या!"

अख्खा व्हरांडा दचकला. दारातल्या सिस्टर पुढं आल्या. 'सिस्टर, यांच्या पायाला काही कळत नाही.' एवढं मामा बोलले असते तर ड्रेसिंगची खोली वाचली असती. पण बाकावर सगळे कान टवकारून बसले होते, आणि आजी मान ताठ करून समोरच्या भिंतीकडं बघत होत्या.

"चुकलं, आजी," मामा म्हणाले. "थांबतो मी."

"माझीपण फार आग झाली हो," शिंपीण सरकून जवळ आली. "श्वास सोडा लांब."

"तुझं भाजलंय ना गं? माझं मेलं ठणकतं. झोप नाही."

दोघी दुखण्याचं बोलत बसल्या. मामांनी वर पाहिलं. सिस्टर त्यांच्याकडंच बघत होत्या. तो पाय त्यांनी स्वतः सुई टोचून तपासला होता आणि आजी तेव्हा जांभया देत होत्या. सिस्टरनं ओठ घट्ट मिटले, एकदा घसा खाकरला.

"मामा, आजींना फार दुखतं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "उद्यापासून इथं रोज त्यांना जास्त वेळ देत जा."

उद्यापासून, इथं, रोज. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बाहीला पुसलं, आणि पुन्हा पट्टीवर पाणी सोडलं.

"आता, आजी?"

"अजून आहे थोडं."

मामा पाय हातात धरून थांबून राहिले.