शिकू दिलं

बायकोचा सत्कार असला की नवऱ्यानं पहिल्या रांगेत हसऱ्या चेहऱ्यानं बसायचं असतं. सोमनाथ सर बसले होते, पण पोटात दुखत होतं ते काही लपत नव्हतं. नाशिकच्या एकाच लॉ कॉलेजात दोघंही आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचे. विषय आधी त्यांचा, हर्षाली मागाहून आलेली. आणि नेदरलँड्सच्या परिषदेचं बोलावणं आलं ते तिला. सरांच्या निबंधांना तिकडून साधी पोचही येत नसे. त्यात सूत्रसंचालकानं ओळख करून दिली, "मॅडमचे यजमान." सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

हर्षाली बोलायला उभी राहिली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या घटनेतल्या एका कलमात 'सुसंस्कृत राष्ट्रे' हे शब्द आजही आहेत, म्हणाली. "सुसंस्कृत कोण, हे युरोपातल्या मोजक्या देशांनी ठरवलं. परीक्षा त्यांची, परीक्षकही तेच. बाकीच्यांना म्हणायचे, आधी सुधारा, मग आत येऊ देऊ. 'येऊ देऊ' म्हणणारा दार आपल्याच बापाचं समजतो." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सरांच्या कानात यातलं अक्षर शिरलं नाही. प्राचार्य मान डोलावताहेत का, एवढंच ते बघत होते. हेच कलम आपण इतकी वर्षं शिकवलं, तेव्हा कुणाची मान हलली नव्हती. ते त्यांना फार लागत होतं.

मग माईक त्यांच्या हातात आला. मोठ्या मनानं बोलायचं त्यांनी ठरवलंच होतं.

"आमचं घर सिन्नरचं, पण सुधारलेलं. म्हणून तर सुनेला शिकू दिलं. आता परदेशीही जाऊ देतोय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा हॉल हसला. विनोद साधला म्हणून सर आधी खूश झाले. प्राचार्यांनी तोंडाला रुमाल लावला, तेव्हा सरांच्या मनात पाल चुकचुकली. हर्षाली एलएल.एम. झाली ती माहेरी असतानाच, हेही निम्म्या हॉलला ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "हसण्यासारखं काय बोललो मी?"

"माझं भाषण ऐकलं असतंत तर कळलं असतं." हर्षाली बॅगेत स्वेटर भरत होती. "शुक्रवारी पहाटे टॅक्सी येईल. दूधवाल्याला तेवढं सांगून ठेवा."

झालं गेलं मिटवावं म्हणून 'जा हो, खुशाल जा' म्हणायला सरांनी तोंड उघडलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, तिनं विचारलंच कुठे होतं?