आप्पांच्या कैदेचा देखावा

आप्पांच्या घरात एकाही दाराला कडी नाही. आप्पा माझे थोरले चुलते, नौदलात विमान चालवायचे. लढाईत विमान पाडलं गेलं आणि ते आणि मागच्या सीटवरचा जोडीदार शत्रूच्या हाती लागले. दोघं एकाच कोठडीत. जोडीदाराच्या पोटात जखम होती, तो आप्पांच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. आप्पा सुटून वडगावला परतले आणि पहिलं काम केलं ते घरातल्या सगळ्या कड्या उपटायचं. अजूनही त्यांच्याकडच्या पाहुण्याला न्हाणीघरात शिरलं की मोठ्यानं गाणं म्हणावं लागतं.

यंदा गल्लीच्या गणपती मंडळाला आप्पा आठवले. शेजारच्या गल्लीच्या देखाव्याला मागं बक्षीस मिळालं होतं, ते यांच्या डोळ्यांत खुपत होतं. अध्यक्ष पेढे घेऊन हजर.

"आप्पा, तुमच्या कैदेचा जिवंत देखावा करतोय. चाबूक, रक्त, समदं!"

"मला चाबकानं कुणी मारलं न्हाय रं," आप्पा म्हणाले. "पहारेकरी माझ्या जोडीदाराला गरम पाणी आणून द्यायचा."

"गरम पाण्याला टाळ्या पडत न्हाईत, आप्पा."

त्यांच्या जागी मी असते तर अध्यक्षांना पेढ्यांसकट बाहेर काढलं असतं. पण आप्पांच्या मनात वेगळंच होतं. "काय मारायचं ते मारा," ते म्हणाले, "पर तो माझ्याजवळ दिसला पायजे. त्याची कुणालाच आठवण न्हाय. निदान आपल्या गल्लीला तरी कळू दे." अध्यक्षांनी गणपतीची शपथ घेतली. त्या दिवसापासून आप्पा दुसरं काही बोलेनात.

उद्घाटनाला मीच त्यांना हात धरून नेलं. पडदा सरकला. लोखंडी पिंजरा, आत लाल रंगानं माखलेला एकच तरुण, बाहेर चाबूकवाला.

"दुसरा कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"जागा पुरली न्हाय, आप्पा. साउंडचा बॉक्स लई मोठा आला. आणि दोघं दाखवले की पब्लिक कन्फ्यूज व्हतंय."

मला शिसारी आली. त्या पेढ्यांची, त्या लाल रंगाची, मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या सगळ्या गल्लीची. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे ऐकून होते. यांनी लोणी खाल्लं आणि अडचण होते म्हणून मढंही बाजूला सारलं.

आप्पा कठड्याला धरून स्टेजवर चढले, वाकून पिंजऱ्यात शिरले आणि पोटावर हात दाबून आडवे झाले. डोकं त्या तरुणाच्या मांडीवर टेकवलं. तो बिचारा गोंधळून बघत राहिला. खालून शिट्ट्या सुरू झाल्या. "ओरिजिनल हाय रं, ओरिजिनल!" चाबूकवाल्यानं हात खाली घेतला, तर अध्यक्ष ओरडले, "थांबू नको, लाईव्ह चालू हाय!" आणि लोक आत घुसू नयेत म्हणून त्यांनी पिंजऱ्याला बाहेरून कडी घातली.

कडीचा आवाज झाला तसे आप्पा थरथरले. मला ते खालून दिसलं. मी वर धावले, अध्यक्षांना ढकललं, कडी काढली.

"चला आप्पा, घरी चला. थुंका असल्या देखाव्यावर."

त्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. डोळे मिटलेलेच.

"जरा थांब गं," ते म्हणाले. "बघू देत त्याला लोकं."