ताटलीखालचं कुंकू

सुदेश तांबे मूळचा संगमेश्वरचा. राहतो दुबईत, अल कुसैसला, आणि रोज कंपनीच्या बसने शारजाबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात कामाला जातो. सरावात झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तिथे पुन्हा भरल्या जातात. त्या भरण्याचा हातप्रेस चालू ठेवणं हे त्याचं काम. यंत्राला हात लावण्याआधी नमस्कार करणारा माणूस. गावी वडिलांच्या वर्कशॉपमध्ये हेच पाहत मोठा झालेला.

प्रेसवर पुंगळ्या धरणारी एक गोल ताटली असते. हँडल ओढलं की ती एक घर पुढे सरकते. सरकवतो तो खालचा एक छोटा दात. तो मुद्दामच नाजूक केलेला, कुठे अडकलं तर आधी तोच तुटावा म्हणून. आणि या प्रेसवर तो सारखा तुटायचा.

प्रेसवर हमीदा बसायची. खेडची, बोलायला फटकळ.

"गेला तुमचा दात," ती सुदेशला हाक मारून सांगायची. "कवळी बसवा आता एकदाची."

"जरा हलक्या हाताने ओढशील का तू?"

"हात हलकाच आहे, सुदेशभाऊ. एका घराला ताटली अडते. वरवर नका बघू, ताटली काढून खाली बघा."

"माझ्याच हाताने बसवतो ना मी? बघितलंय."

ते खोटं नव्हतं. दर वेळी ताटली उतरवून तो नवा दात बसवायचा, सगळं कापडाने लख्ख पुसायचा, तेल द्यायचा. आणि ताटलीसोबत फिरणाऱ्या ज्या खुंट्यावर ती टेकते, त्याच्या बैठकीला बोटाने कुंकू लावायचा. नवा भाग बसला की हळदकुंकू लावायचं, ही वडिलांची शिस्त. दिसेल असं लावलं तर साहेब पुसायला लावतात, म्हणून ताटलीखाली. आधीचं कुंकू मात्र तो पुसत नसे. कुंकू कुणी पुसतं का? त्याच्याभोवतीची जागा तेवढी तो स्वच्छ करायचा.

मग एकदा साहेबांनी विचारलं. प्रकाश हे पुण्याचे इंजिनियर, क्लबाचं सगळं मेंटेनन्स त्यांच्याकडे. "सुदेश, पार्ट परत परत का जातोय? मशीन की ऑपरेटर?"

"मशीन ठीक आहे, साहेब. तिचा हात जड आहे."

एवढंच तो बोलला. हमीदाचं कॉन्ट्रॅक्ट तेव्हा रिन्यूअलला आलं होतं. ते झालं नाही. जाताना ती सुदेशला म्हणाली, "सांभाळा तुमच्या लाडक्या मशीनला," आणि विमानतळाच्या गाडीत बसली.

नवा ऑपरेटर येईपर्यंत प्रेसवर सुदेशच बसला. दात तुटला, तो त्याच्याच हातात.

तुटण्याआधी तळव्याला झटका जाणवला होता. नवा दात बसवून त्याने ताटली हाताने हळूहळू फिरवून पाहिली. दर फेरीत त्याच एका घराला ती अडत होती. त्याने ताटली उतरवली आणि खुंट्याच्या बैठकीवरून नख फिरवलं. कुंकू आणि तेल, थरावर थर चढून, एका बाजूला पापडी घट्ट धरली होती, काळपट लाल. ताटली तिच्यावर तिरकी बसत होती आणि उचललेली बाजू फिरून आली की अडत होती. त्याने पापडी पितळी पट्टीने खरवडली, बैठक कोरडी पुसली. पुढे ताटली लोण्यासारखी फिरू लागली.

हे साहेबांना सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. पण काय सांगायचं, मशीन मीच बिघडवलं? आज सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला. शेवटी त्याने आधी हमीदाला फोन लावला.

"ताटलीखाली घाण साचली होती," तो म्हणाला.

"कसली?"

"तेलाची."

"बघा म्हटलं होतं." मागे कुकरची शिट्टी झाली. तिने कुणाला तरी गॅस बारीक करायला सांगितलं. "जड हाताचं साहेबांना तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

फोन घेऊन ती बाहेर आली, कुकरचा आवाज मागे पडला. मग म्हणाली, "अबुधाबीच्या एका क्लबात अर्ज टाकलाय. ते जुन्या ठिकाणी विचारणार. साहेबांच्या कानावर घाला तेवढं. आजच घाला. आणि तुमच्या तोंडून, दुसऱ्या कुणाच्या नको."

सुदेश तसाच ऑफिसात गेला. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं, कुंकवासकट. प्रकाश लॅपटॉपवरून मान न उचलता ऐकत होते. कुंकवाचं आलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"हे आत्ता सांगतोयस?"

"चूक झाली, साहेब. अबुधाबीहून तिच्याबद्दल विचारतील. तेवढं नीट कळवा."

"काल आला होता त्यांचा मेल. मी रिप्लाय पण केला."

"काय लिहिलंत?"

"तू जे सांगितलं होतंस तेच."

"दुसरा मेल टाका ना, साहेब."

"टाकतो. पण त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलंय. सकाळीच कळवलं त्यांनी." प्रकाशनी लॅपटॉप मिटला. "मशीन चालतंय ना आता?"

"चालतंय."

"मग यल्ला, चल कामाला. पुंगळ्या पडल्यात."

सुदेश प्रेसवर जाऊन बसला. हमीदाचा दोनदा फोन येऊन गेला होता. हात कापडाला पुसून त्याने तिचा नंबर लावला.