वाचकांच्या सऱ्या

सातपूरच्या ज्या कारखान्यात कोंडाजीने लेथवर उभं राहून उमेदीची वर्षं काढली, तिथे नव्वदच्या दशकात एक सूचनापेटी बसवली होती. कामगारांनी सुधारणा सुचवाव्यात, असा वरून हुकूम आला होता. कोंडाजीने मनावर घेतलं. मशीनवर हत्यार थंड ठेवणाऱ्या कूलंटचा पाइप जरा वळता घेतला तर धातूचा छिलका अडकणार नाही, असं त्याने आकृती काढून लिहून दिलं. पेटीला कुलूप होतं. कागद आत जायचे, बाहेर काही यायचं नाही. वर्षभराने पाइप वळता झाला, पण कुणाच्या सांगण्यावरून, ते कुणी बोललं नाही. पाइप वळला याचं कोंडाजीला बरं वाटलं. उत्तर आलं नाही, हे मात्र मनातून गेलं नाही.

पुढे कारखान्यातली माणसं कमी होऊ लागली. कोंडाजीने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मखमलाबादच्या मळ्यात परतला. मळा त्याच्या नावावर होता, पण इतकी वर्षं तो नवसाबाईने, त्याच्या बायकोने, चालवला होता. हा पाळीवर असायचा, नाहीतर पाळीहून येऊन झोपायचा. भाजी काढणं, जुड्या बांधणं, बाजार आणि पाणी, सगळं तिच्याकडे.

मुलगा राज पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्याने २००७च्या दिवाळीत जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला, ब्रॉडबँड जोडून दिलं आणि ब्लॉग काढून दिला. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटायचं. कोंडाजी एका बोटाने टाइप करी. चुकलं की सगळी ओळ खोडी. मिरचीची लागवड, रोपवाटिका, खत, जे ठाऊक होतं ते त्याने नीट लिहिलं. खाली कुणीतरी ‘छान’ लिहून जाई. बाकी शांतता.

त्याने विचार केला. आपणच सगळं सांगून टाकलं, तर समोरच्याने बोलायचं काय? मग लेखाच्या शेवटी तो आपल्याला जे येत नाही ते विचारू लागला. ‘मिरचीच्या पानाला मुरडा येतो. तुमच्याकडे काय करतात?’

लोक बोलू लागले. सांगलीहून आंबट ताक फवारायला सांगितलं. दुबईच्या विश्वेशने राख सुचवली, त्याच्या आजोळी ती टाकत. आणि कोंडाजीने एक काम असं केलं की लोक परत परत येऊ लागले. ज्याने सल्ला दिला, त्याच्या नावाची एक सरी त्याने मिरचीच्या रानात धरली. पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर नावं रंगवली आणि सरीच्या तोंडाशी ठोकल्या. आठवड्याला प्रत्येक सरीचा फोटो टाकायचा. लोक आपली सरी बघायला येत, दुसऱ्याच्या सरीला नावं ठेवत, आपसात भांडत. विश्वेश तर ऑफिसात पोचल्या पोचल्या विचारी, ‘काका, माझी सरी काय म्हणते?’ कोंडाजी प्रत्येकाला नावानिशी उत्तर देई.

“आप्पा, एकदाच ‘सर्वांचे आभार’ टाका ना,” राज फोनवर म्हणाला.

“आभार वेगळे, उत्तर वेगळं.”

नवसाबाई चौथी शिकलेली. तिने पहिली पट्टी वाचली.

“हा विश्वेश कोण?”

“दुबईला असतो.”

“मंग दारं धराया दुबईहून येणार हाय का?”

कोंडाजी हसला. आधी पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत सोडत जायचं, सरीच्या तोंडाची माती ओढून दारं उघडायचं, भरली की बुजवायचं, डोकं लावायला नको होतं. आता एका सरीला चौथ्या दिवशी पाणी, दुसरीला आठव्या, तिसरीत राख, चौथीत ताक. पट्टी वाचून दारं धरायचं काम नवसाबाईचं. ती कुरकुरायची, पण चुकायची नाही.

शहरातल्या कॉलेज रोडची यशश्री नोकरी करणारी, गॅलरीतल्या कुंड्यांत बाग फुलवणारी. तिचं लिहिणं धारदार. ती आली की मागून दहाजण येत. तिने सुचवलं: बुडाशी उसाचं पाचट पसरा आणि पाणी आठवड्याने द्या. तशी सरी धरली. महिन्याभरात तिच्या सरीतली रोपं बुडाशी काळी पडून माना टाकू लागली. फोटो टाकावाच लागला.

‘पाणी मी सांगितलं तसंच दिलंत ना, काका?’ यशश्रीने विचारलं.

खाली बाकीचे उत्तराची वाट बघत होते. ही रुसली तर तेही उठून जातील, हे कोंडाजीला दिसत होतं. त्याने लिहिलं, ‘घरच्यांकडून पाणी जास्त गेलं असावं.’ आणि चहाला उठला. खाली कुणी लिहिलं, ‘काकूंची एकदा शिकवणी घ्या.’ त्यावर आणखी हसू.

ब्लॉग पुण्यात सूनही वाचायची. शुभांगीने फोनवर सहज थट्टा केली, “आई, तुम्ही पाणी जास्त पाजलंत म्हणे मिरचीला?”

नवसाबाईने फोन ठेवला आणि सरळ नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मी पाणी जास्त दिलं?”

“तसं नाय. लोकांना काहीतरी सांगावं लागतं.”

“आठव्या दिसाला दारं उघडलं का नाय? तुम्ही बांधावर हुते.”

“उघडलं.”

“मंग?”

कोंडाजीने कॉम्प्युटरकडे बघितलं.

“त्या लोकांचं मन राखलं,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या. ज्यांच्या सऱ्या, त्यांनी दारं धरावं.”

दुसऱ्या दिवशी तिने आपलं रान भिजवलं आणि पत्र्याच्या पट्ट्यांपाशी येताच फावडं खांद्यावर टाकून ती घराकडे वळली. कोंडाजीने ते फावडं घेतलं. लोडशेडिंगचे दिवस होते, वीज येईल तेव्हा मोटर चालायची. चिखलात वाकून वाकून त्याची कंबर धरली. ब्लॉगवर प्रश्न साठत गेले. एका बोटाने टाइप करायलाही हात उचलेना.

एके सकाळी यशश्रीच्या सरीतलं पाचट त्याने हाताने वर उचललं. खाली चिखल होता. त्या सरीला पाणी देऊन बरेच दिवस झाले होते. त्याने फावड्याने बगलेची माती कापली. शेजारच्या विश्वेशच्या सरीचं पाणी बांधातून झिरपत होतं, आणि पाचटाखाली ओल मरत नव्हती. तो पुढच्या सरीवर गेला, तिथेही तसंच. एकीचं पाणी दुसरीत उतरत होतं. कोणतीच सरी एकट्याची नव्हती. दोघांचे जॉब लेथच्या एकाच पकडीत धरून कुणाचा बिघडला ते सांगावं, असं त्याने इतके महिने केलं होतं.

हे लिहिलं, तर मेलेल्या सरीबरोबर हिरव्या सऱ्याही खोट्या ठरणार. मग लोकांनी बघायला यायचं कशाला? नाही लिहिलं, तर दोष नवसाबाईच्या माथी राहणार. तो फावडं घेऊन घराकडे आला. मग पाय धुऊन आत गेला आणि यशश्रीच्या प्रश्नाखालीच लिहिलं:

‘माझं उत्तर खोटं होतं. नवसाबाईने पाणी सांगितलं तसंच दिलं. यशश्रीताई, तुमचा सल्लाही चुकला असं म्हणता येणार नाही. सरीला लागून सरी धरली, पाणी एकीतून दुसरीत गेलं. चूक माझी. त्यामुळे कुठल्याच सरीचा निकाल खरा धरू नये.’

‘म्हणजे इतक्या दिवसांचं सगळं वाया?’ यशश्रीने विचारलं.

‘निकाल वाया. मिरची नाही,’ त्याने उत्तर दिलं.

ती पुन्हा आली नाही. विश्वेशने एकदा ‘माझी तर चांगली होती’ असं लिहिलं आणि तोही थांबला. फोटो बंद झाले तसे बरेचजण पांगले.

कोंडाजीने नवसाबाईला बोलावून पडद्यापुढे बसवलं. ती अक्षराखाली बोट धरून वाचत गेली. स्वतःच्या नावापाशी थांबली.

“समद्यांना दिसतं हे?”

“समद्यांना.”

तिने शेवटपर्यंत वाचलं. उठून फावडं घेतलं आणि रानात गेली. सगळी दारं तिने आपल्या हिशोबाने उघडली.

पुढच्या लागवडीच्या आधी तिनेच विषय काढला.

“लोकांना ईचारायचं तर ईचारा. पण कडंचा तुकडा द्या, चर खणून येगळा केलेला. एका टायमाला एकच सल्ला. आन् पाणी कोण देणार, ते आधी लिवा.”

चर कोंडाजीने खणला. मग लिहिलं, ‘या वेळी एकच तुकडा. पाणी नवसाबाई देणार. सल्ला तिला पटला तरच होईल.’ उरलेल्या वाचकांत वाद लागला, आधी कुणाचं करून बघायचं यावर. सांगलीच्या माणसाने विचारलं, ‘काकूंना विचारा, पहिलं पाणी कधी देणार?’

कोंडाजीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. नवसाबाई दारात बसून मेथीच्या जुड्या बांधत होती.

“जमीन बघितल्याबगर सांगता नाय येणार,” ती म्हणाली. “चार दिसांनी ईचार म्हणावं.”

कोंडाजीने एका बोटाने तसंच टाइप केलं.