मुक्या खांबावरचा मणी

माझ्या आत्याला तिच्या नावाने हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. शिंप्याच्या दुकानात सव्वीस वर्षं शर्टांची काजं हाताने करत आल्यामुळे सगळे तिला काजबाई म्हणत. मशीन आल्यावरही भारी कपड्यांची काजं तिच्याकडेच यायची. दुकानाचे मास्तर गिऱ्हाइकाला सांगायचे, "बटण तुटेल, पण आमचं काज उसवणार नाही." त्या 'आमचं'मध्ये आत्या असायची, तिचं नाव मात्र कधीच नसायचं.

आत्याने लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, "एका शर्टाला सात काजं. सवड कधी मिळायची?" ती आमच्याच घरात, पुढच्या खोलीत राहायची. दिवसभर दुकानात सुई आणि संध्याकाळी घरी क्रोशाची सुई. पुस्तकातल्या आकृत्या बघून ती चौकोनी, षटकोनी, फुलांचे मोटिफ म्हणजे नक्षीचे सुटे तुकडे विणायची आणि मग ते जोडून टेबलावरची, खुर्चीवरची, रेडिओवरची झाकणं करायची. आई म्हणायची, "वन्सं, आता फक्त मला झाकायचं राहिलंय."

आत्या त्रेपन्न वर्षांची असताना तिची नजर गेली. पूर्ण नाही. मीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले, "कडेचं दिसत राहील, मधलं दिसणार नाही. आणि हे परत येणारं नाही."

आत्याने थोडा विचार केला. "म्हणजे ताट दिसेल, पण वाढलंय काय ते दिसणार नाही."

डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. मी तिचा हात धरून जिना उतरले.

महिन्याभरात एका नवरदेवाच्या कोटाचं काज तिरकं गेलं. मास्तर माणूस वाईट नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही. कोट आत्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "काजबाई, आता घरी आराम करा." आत्याने बोटाने काज चाचपलं, ते तिरकं आहे हे तिला कळलं, आणि ती बोटातलं अंगुस्तान पिशवीत टाकून घरी आली.

त्यानंतरचे तीन महिने घरात सगळ्यांचे वाईट गेले. आत्या खिडकीशी बसून राहायची. आईने भाजी निवडायला दिली तर म्हणायची, "मला गुंतवून ठेवायला काहीतरी देताय, कळतं मला." आई चिडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. बाबा दोघींच्या मध्ये वर्तमानपत्र धरून बसायचे.

एके दिवशी आत्याने क्रोशाची सुई पुन्हा हातात घेतली. टाका घालायला डोळे लागत नव्हते. साखळी, मुका खांब, लांब खांब हे सगळे टाके हाताला पाठ होते. अडलं ते फेराशी. मोटिफ मधून सुरू होतो आणि गोल गोल वाढत जातो. फेर सुरू कुठे झाला हे कळलं नाही, तर तो संपला कुठे हेही कळत नाही. एखादा टाका जास्त पडला की कापड झालरीसारखं फुगतं, कमी पडला की वाटीसारखं वळतं. संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर अशा चार वाट्या जमल्या.

"चहा ओता आता यात," ती म्हणाली, आणि सुई भिंतीवर फेकली.

आईने सुई उचलून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने आत्यासमोर एक पत्र्याचा डबा आणून आपटला. दुकानातून वर्षानुवर्षं घरी आलेली सुटी बटणं आणि ब्लाउजांवरचे मणी त्यात होते. "हे वेगवेगळं करून द्या. गुंतवून ठेवायला नाही. मला डबा हवाय."

आत्याने ताटात ढीग ओतला. तासाभरात तिने गोल मणी, लांबट मणी, पैलूदार मणी आणि मोहरीएवढे बारके मणी वेगवेगळ्या वाट्यांत काढले. आईने एकेक वाटी उजेडात धरून तपासली. एकही चूक नव्हती.

आत्या म्हणाली, "वहिनी, दोरा द्या बघू."

तिने दोऱ्यात थोडे बारके मणी ओवून घेतले आणि विणायला बसली. प्रत्येक फेराचा पहिला टाका मुका खांब, आणि तो पुरा करण्याआधी एक मणी सुईजवळ सरकवून त्यातच आवळून टाकायचा. क्रोशात असा घेतलेला मणी कापडाच्या मागच्या बाजूला जातो. विणणाऱ्या बायका त्यावर वैतागतात. पण आत्याचं डावं बोट असायचं तेच मुळी कापडाच्या मागे. फेर फिरून आला की बोटाला मणी लागायचा. आला, थांबा, पुढच्या फेराला चढा.

तासाभराने तिने टेबलावर एक मोटिफ ठेवला. सपाट. चारही कोपरे टेबलाला टेकलेले.

"मुका खांब बोलायला लागला हो, वहिनी!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारीण दार वाजवायला आली.

पुढचा महिनाभर तिने एकच ध्यास घेतला. पुस्तकातल्या आकृत्या तिला दिसत नव्हत्या, म्हणून मी वाचून दाखवायची आणि ती त्यांच्या माळा करायची. गोल मणी म्हणजे मुका खांब, लांबट म्हणजे लांब खांब, बारका म्हणजे साखळी, आणि पैलूदार म्हणजे फेर संपला. एका मोटिफची एक माळ. विणायच्या आधी ती माळ अंगठ्याखालून सरकवायची, पुटपुटायची आणि मग सुई चालवायची. बाबा म्हणाले, "जप चाललाय की काय?" आत्या म्हणाली, "हो, आणि मध्ये बोललास तर शाप लागेल."

मास्तर आमच्याकडे आले ते त्याच सुमारास. धापा टाकत जिना चढून आले, हातात कापडी पिशवी. एका नावाजलेल्या गायिकेने त्यांच्याकडून खांद्यावर घ्यायची क्रोशाची शाल करून घेतली होती. अठ्ठेचाळीस मोटिफ, प्रत्येकात सतरा मणी. मधला काळपट निळा, त्याभोवती आठ निळे, कडेला आठ पांढरे. दुकानातल्या मुलींनी शाल विणली आणि मणी नंतर वरून सुईने टाचले. तालमीला एक दोरा तुटला आणि गाणं चालू असताना सगळी ओळ टपाटप जमिनीवर. तबलजी हसला. गायिका हसली नाही.

"कार्यक्रम दहा दिवसांवर आलाय," मास्तर म्हणाले. "कुणी हात लावायला तयार नाही. तुम्ही मणी घालून विणता असं ऐकलं. पण काजबाई... जमेल का? म्हणजे, डोळे..."

आत्याने पिशवीतून शाल काढून बोटांनी तपासली. "मास्तर, हे मणी इथे पाहुणे आलेत. पाहुणा केव्हातरी जाणारच. मणी टाक्याच्या पोटात घ्यावा लागतो, म्हणजे तो घरचा होतो. ही उसवा. नवी करावी लागेल."

"दहा दिवसांत?"

"तुम्ही बोलत बसलात तर अकरा लागतील."

मास्तर गेल्यावर आत्या खुर्चीत बसली आणि शालीवरचे मणी पुन्हा चाचपू लागली. "रंग," ती म्हणाली. "तिन्ही मणी एकाच आकाराचे. मला रंग कळणार नाहीत."

आईने पदर खोचला. "मला कळतात. मी ओवते."

आईने जन्मात क्रोशाची सुई धरली नव्हती. पहिल्याच मोटिफला तिने आधी काळपट मणी ओवला, मग निळे, मग पांढरे, आणि विणल्यावर फूल उलटंच आलं: मधे पांढरा, कडेला काळपट-निळी खिचडी. कारण दोऱ्यात शेवटी ओवलेला मणी सुईला सगळ्यात आधी भेटतो.

"आधी कडा ओवायची, शेवटी मधला," आत्या म्हणाली. "दारात जो शेवटी आला, तोच आधी बाहेर पडतो."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मलाही आत्ताच कळलं."

दोघी इतक्या हसल्या की वाटीतले मणी सांडले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

मग घरात कारखाना सुरू झाला. सकाळी उजेड आला की आई खिडकीशी बसून ओवायची, आत्या विणायची. रोज सहा मोटिफ. मणी मागे जातात म्हणून मागची बाजूच पुढची मानायची असं आत्याने ठरवलं. जेवण बाबा बनवायचे आणि आम्ही ते तक्रार न करता खायचो, हाही एक पराक्रमच.

सातव्या दिवशी जोडलेल्या भागावरून बोट फिरवता फिरवता आत्या थांबली. "इथे सोळाच आहेत."

"सतरा आहेत," आई म्हणाली. "मी मोजून ओवलेत."

"सोळा."

आईने मोजले. सतरा. पुन्हा मोजले. सतरा. मग मान वाकडी करून ती मला म्हणाली, "तू मोज गं." मी एकेका मण्यावर टाचणी ठेवून मोजलं. सोळा. शेजारच्या मोटिफचा एक पांढरा मणी कडेला आला होता, तो आम्ही यात धरत होतो.

"कुणाला दिसणार आहे?" मी म्हटलं.

"मला," आत्या म्हणाली. तिने जोड सोडवली, शेवटचा फेर उसवला आणि आईने दिलेला पांढरा मणी घेऊन पुन्हा विणला. त्या दिवसापासून आई आत्याने सांगितलेला आकडा पुन्हा मोजून बघेनाशी झाली.

नवव्या दिवशी दुपारी शाल पुरी झाली. आठशे सोळा मणी.

कार्यक्रमाला मास्तरांनी आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं. आत्याला रंगमंचाचा मधला भाग दिसत नव्हता, म्हणून ती मान तिरकी करून बसली होती आणि आई तिच्या कानात सांगत होती: "आली... शाल चमकतेय हो... वन्सं, दिव्यात पाण्यासारखी दिसतेय."

तिसरं गाणं संपल्यावर गायिका वाकून नमस्कार करायला गेली आणि शालीचं टोक माइकच्या दांड्यात अडकलं. तिने झटका दिला. कर्रकन आवाज झाला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आत्याने कान टवकारले.

कुठेच टप असा आवाज नाही.

एक दोरा लांब ओढला गेला होता, आणि त्या दोऱ्यावर मणी आपापला टाका घट्ट धरून बसले होते. गायिकेने टोक उचलून पाहिलं. मग माइकवरच म्हणाली, "हे कुणी केलंय?"

मास्तर उभे राहिले. सव्वीस वर्षांची सवय, तोंडातून आलंच, "आमच्या दुकानात..." मग ते थांबले. वळून आत्याकडे पाहिलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं तिचं पूर्ण नाव घेतलं. "यांनी केलंय. यांना नीट दिसत नाही. आणि एकही मणी सुटलेला नाही."

लोक उठून उभे राहिले. आत्या विचारत होती, "काय झालं? सगळे निघाले का?" आई रडत रडत म्हणाली, "निघाले नाहीत वन्सं, तुमच्यासाठी उभे राहिलेत." आत्या उठली, पदर सावरला, आणि सगळ्या बाजूंनी थोडं थोडं दिसावं म्हणून सावकाश एक पूर्ण गिरकी घेतली. टाळ्या दुप्पट झाल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर तिला दुकानातली जुनी खुर्ची परत द्यायला आले. आत्याने नको म्हटलं. "खुर्ची नको. दुकानावरची खोली द्या. आणि भिंतीला खिळे ठोकून द्या, पुष्कळ."

त्या खिळ्यांवर आता तिच्या माळा आहेत, सत्तरच्या वर, आणि त्यांवरून ती नजर गेलेल्यांना विणायला शिकवते. डोळ्यांचे डॉक्टर स्वतः पेशंटना तिचा पत्ता देतात. एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर येतात, एक शाळेतल्या बाई येतात, मालिश करणारा एक आडदांड गृहस्थ येतो आणि सगळ्यात नाजूक फुलं विणतो. आत्या कुणाचे लाड करत नाही. "दिसत नाही हे कारण इथे चालत नाही," ती म्हणते, "इथे कुणालाच दिसत नाही."

गेल्या महिन्यात तिने कुठल्याच पुस्तकात नसलेला एक मोटिफ केला, पहिला पूर्ण तिचा: सोळा टोकांचा, आणि सतरावा मणी मधोमध लपवलेला. त्याचं नाव तिने ठेवलंय 'वहिनीचा हट्ट'. आई दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी तो मोटिफ घेऊन ती इमारतीतल्या प्रत्येक घरी दाखवून आली.