बोटांची पकड

अग्निशामक केंद्रात त्याला सगळे ‘शिडी’ म्हणत. उंच, काटकुळा, आणि गाडी नीट थांबायच्या आत शिडीवर पाय टाकलेला. बावीस वर्षं नोकरी झाली, कानाजवळचे केस पांढरे झाले, पण वर चढायची वेळ आली की साहेबांची मान आपोआप त्याच्याकडेच वळायची.

आता त्या शिडीला परवा सकाळी सात वाजता तंदुरुस्तीच्या चाचणीत मैदानाला सहा फेऱ्या मारायच्या होत्या. दोन हजार चारशे मीटर, तेरा मिनिटांत. तीन महिन्यांपूर्वी त्याला तेरा मिनिटं एकवीस सेकंद लागले होते. नियमाने संधी दोनच. परवा हुकलं की गाडीवरून उतरायचं आणि नियंत्रण कक्षात फोनसमोर बसायचं, थेट निवृत्तीपर्यंत. “आम्ही आग विझवतो, तुम्ही आगीचा पत्ता लिहून घेता,” असं त्यानेच एकदा फोनवरच्या माणसाला सगळ्यांदेखत चिडवलं होतं. त्या दिवशी हसलेली सगळी तोंडं आता त्याला एकेक करून आठवत होती.

दम कमी पडत नव्हता. रोज शिडी चढणाऱ्या माणसाची छाती शाबूत होती. घात करत होते ते पाय. चौथ्या फेरीत बोटं बधिर व्हायची, चवड्याखाली कुणी निखारा ठेवल्यासारखं वाटायचं, आणि पाचव्या फेरीत तर पाऊल कुठे पडतंय तेही कळायचं नाही. हे त्याने कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं असतं तर ते कागदावर चढलं असतं. बायकोला कळलं ते मोजे काढताना. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती.

“हे कधीपासून?” तिने शिवणयंत्र थांबवून विचारलं.

“बूट नवे आहेत, चावतात.”

“तीन महिन्यांचे बूट नवे? मग मी पण नवीनच लग्न करून आलेय म्हणायची.” ती उठली. “माझ्याकडे रोज बाया पोट आत ओढून माप देतात आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून माझ्याशीच भांडतात. तुमचं तसलंच काहीतरी आहे. चला, बूट घ्या पिशवीत.”

“परवा चाचणी आहे आणि आज दुकानात?”

“मग काय परवा दुपारी जायचं?”

दुकान फक्त धावण्याच्या बुटांचं होतं. मागे भिंतीला टेकून एक ट्रेडमिल, तिच्या पायाशी छोटा कॅमेरा आणि बाजूला पडदा. माप घेणारी मुलगी पंचविशीची असेल. तिने “या काका, बसा” म्हटलं आणि शिडीच्या कपाळावर आठी पडली. आगीतून बाहेर काढलेली माणसंसुद्धा त्याला दादा म्हणायची.

“आठ नंबर,” त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं. “हेच बूट, जरा मऊ बघून द्या. घाई आहे.”

“नंबर मी बघते ना. उभे राहा, दोन्ही पायांवर वजन द्या.”

तिने धातूची पाटी जमिनीवर ठेवली, त्याची टाच मागे टेकवली आणि पुढची दांडी सरकवत अंगठ्याला भिडवली. दोनशे बासष्ट मिलिमीटर.

“आठच येतोय,” शिडी म्हणाला आणि बायकोकडे पाहून भुवया उडवल्या.

मुलीने पिशवीतले जुने बूट उचलले, आतली गादी ओढून काढली आणि उजेडात धरली. टाचेचा भाग जवळजवळ कोरा होता. पुढे मात्र पाच खड्डे पडले होते, अंगठ्याखालचा तर आरपार गेला होता.

“काका, तुम्ही धावताना काही पकडता का?”

“हातात?”

“पायात.”

“पायात काय पकडणार? माकड आहे का मी?”

बायको खुदकन हसली. मुलगी हसली नाही. तिने त्याला अनवाणी ट्रेडमिलवर चढवलं, अर्धा मिनिट पळवलं, मग तेच चित्र पडद्यावर अगदी सावकाश लावलं. शिडी वाकून बघत राहिला. पाऊल हवेत होतं तोवर ठीक होतं. जमिनीला लागायच्या जरा आधी पाचही बोटं आत वळत होती आणि पट्ट्याला नखं रोवल्यासारखी घट्ट धरून ठेवत होती. प्रत्येक पावलाला. डाव्याला आणि उजव्याला.

“हा पाय माझा आहे?”

“तुमचाच. नोकरीत कसले बूट घालता तुम्ही?”

“गमबूट. गुडघ्यापर्यंत, नाडी नसलेले,” तो म्हणाला आणि बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

केंद्रात बूट भिंतीपाशी उभे असत, पँट त्यांच्यावरच गुंडाळून उतरवलेली. घंटा झाली की दोन्ही पाय आत टाकायचे, पँट वर ओढायची आणि पळायचं. तो भरती झाला तेव्हा कोठीत दहा नंबरचीच जोडी शिल्लक होती. पहिल्याच आगीला शिडीच्या चौथ्या पायरीवर उजवा बूट निसटून खाली पडला होता. खालून कुणीतरी ओरडलं होतं, “आधी बूट वाचवा रे!” तेव्हापासून त्याने बोटं जी आवळली ती आवळलीच. पुढे मापाचे बूट मिळाले तरी बोटांना ते कुणी कळवलं नव्हतं.

“पुन्हा तसेच उभे राहा,” मुलीने पाटी पुन्हा ठेवली. “आता बोटं उचला वर. सगळी. हां. आता एकेक करून सोडा, पियानोवर ठेवल्यासारखी.”

बोटं थरथरत खाली आली. करंगळी काही केल्या टेकेना. बायको शेजारी उकिडवी बसली आणि शिवणीची सुरकुती काढावी तशी तिने ती करंगळी बोटाने दाबून सपाट केली. दांडी पुढे सरकली. दोनशे एकाहत्तर.

“नऊ मिलिमीटर तुम्ही दुमडून ठेवले होते,” मुलगी म्हणाली. “शिवाय धावताना पुढे अंगठाभर जागा लागते. तुम्ही घालताय त्यात बोटांना जागाच नाही. शिरा दाबल्या जातात, बोटं बधिर होतात. नऊ नंबर लागेल.”

तिने नऊचे बूट आणले. त्याने पाय घातला आणि चार पावलं टाकली. बूट पायात आहेत असं वाटेचना. पाचव्या पावलाला बोटं आपोआप आवळली गेली.

“हे निसटणार,” तो म्हणाला. “परवा चाचणीत माझा बूट निघाला तर? सगळ्यांसमोर?”

“चाचणी परवा आहे?” मुलीचा चेहरा बदलला. “मग खरं सांगते, दोन दिवसांवर शर्यत असताना मी कुणाला नवे बूट देत नाही. आमचा नियमच आहे.”

“ऐक!” शिडी बायकोला म्हणाला. “चल, ऊठ.”

बायको उठली नाही. “जुन्यात काय होईल ते आपल्याला ठाऊक आहे,” ती शांतपणे म्हणाली. “एकवीस सेकंद.”

इमारत पेटलेली असताना जिना घ्यायचा की खिडकी, हे तो दोन श्वासांत ठरवायचा. इथे दोन जोड्यांपुढे त्याला घाम फुटला होता.

“निसटणार नाही असं काही करता येतं?” शेवटी त्याने विचारलं.

मुलगी खाली बसली. तिने नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकातून ओवली, दोन्हीकडे छोटे फास केले, टोकं त्यांतून फिरवली आणि खेचली. टाच मागे जाऊन घट्ट बसली.

“आता बूट तुम्हाला धरेल. तुम्ही त्याला धरायचं नाही. उद्या घरात दिवसभर हेच घाला, संध्याकाळी दोन फेऱ्या, जास्त नाही. आणि बोटं आवळली गेली की कुणाला तरी ओरडायला सांगा.”

“त्याची काळजी नको,” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शिवणयंत्राच्या खटखटीतून दर दहा मिनिटांनी हाक यायची, “बोटं!” स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तरी “बोटं!” संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि तो बायकोवर दोनदा खेकसला होता. रात्री तिने विचारलं, “सुटतात का?” तो म्हणाला, “विचार केला की सुटतात. विचार सोडला की आवळतात.”

सकाळी मैदानावर अकराजण होते, बहुतेक विशीतले. साहेबांनी शिट्टी वाजवली. शिडीचं गणित सोपं होतं, फेरीला दोन मिनिटं दहा सेकंद. पहिली फेरी दोन बाराला गेली, दुसरी दोन अकराला. तीन सेकंद उधार. पावलं पडत होती आणि तो ओठातल्या ओठात म्हणत होता, सोड, सोड, सोड.

चौथी फेरी आली. तो निखाऱ्याची वाट बघत राहिला. डावा पाय गरम झाला, पण अंगठा जागेवर होता, कळत होता. उजवाही. पाचव्या फेरीला पाऊल कुठे पडतंय ते त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट कळलं आणि त्याने वेग वाढवला. साहेब ओरडले, “दहा अठ्ठेचाळीस!”

शेवटची फेरी. दोन मिनिटं बारा सेकंद हाताशी. अर्ध्यावर एका पोराने त्याला घासून मागे टाकलं, शिडी दचकला, आणि बोटं आवळली. पाठोपाठ तळव्यातून कळ आली. पाय जड झाला. पुढचं वळण त्याला दुप्पट लांब वाटलं. तो थांबू शकत नव्हता, हळू होऊ शकत नव्हता. धावता धावताच, छातीत हवा नसताना, तो स्वतःवरच खच्चून ओरडला, “बोटं!”

कडेला उभे असलेले सगळे वळून बघू लागले. पायाची पकड सुटली. शेवटचे शंभर मीटर त्याने टाच आणि चवडा सपासप टाकत काढले आणि रेषा ओलांडून गवतावर पालथा पडला.

साहेबांनी घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं. बारा मिनिटं सत्तावन्न सेकंद.

“गाडीवरच राहतोस,” ते म्हणाले. “ऊठ, इथे सही कर.”

शिडी गुडघ्यांवर बसला. पेन हातात राहीना, अक्षरं कागदावरून घरंगळत कोपऱ्यापर्यंत गेली. साहेबांनी फाइलमधली जुनी सही काढून शेजारी धरली.

“ही तुझीच का रे?”

“माझीच, साहेब,” तो धापा टाकत म्हणाला. “धावत आलीय ती पण.”