परत आलेली मेल

रोह्यात माझ्या शेजारचा दुकानदार लोकांच्या ई-मेल पाठवून द्यायचा. काही अडलं, की चष्मा पुसत "बघू हां," एवढंच म्हणायचा.

एकदा जवळच्या अष्टमी गावातली एक बाई आली. नवरा शेवटच्या घटका मोजत होता, मुलगा परदेशी बोटीवर. बोटीच्या कंपनीला पाठवलेली मेल तीनदा परत आली.

"त्यांचा सर्व्हर आपल्या सर्व्हरची मेल घेत नाय," दुकानदार म्हणाला.

"म्हंजे पोराला कळनारच नाय?" बाईनं विचारलं.

त्यानं मजकूर फ्लॉपीवर घेतला आणि एसटीनं पेण गाठलं. तिथल्या मित्राचं कनेक्शन दुसऱ्या सर्व्हरचं होतं. मेल गेली. उत्तर येईपर्यंत तो तिथंच बसून राहिला.

संध्याकाळी तो परतल्यावर आम्ही दोघं बाईच्या घरी गेलो. मुलाला येता येणार नव्हतं. त्यानं लिहिलेल्या चार ओळी दुकानदारानं म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून वाचल्या. मुलगाच आला असं वाटून म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. दुकानदारानं तो सोडवून घेतला नाही.